घरचें पाणी आणि शेताचें पाणी : मोजमाप व काटकसर

सोलापूर जिल्ह्यांत वर्षास सरासरीनें सुमारें ५५० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तोही वेळेवर पडेल असा भरंवसा नाहीं. अशा मुलखांतील शेतकरी धान्य मापानें मोजतो, कडबा पेंढ्यांनीं मोजतो, मजुरी दिवसांनीं मोजतो. परंतु ज्यावर हें सर्व अवलंबून, तें पाणी मात्र न मोजतांच खर्चतो. चैत्रांत विहीर आटली म्हणजे दोष पावसास दिला जातो. कित्येकदां तो खराही असतो. तथापि खर्चाचा हिशेब हातीं असल्यावांचून दोष पावसाचा किती व आपला किती, हें कळण्यास मार्ग नाहीं. सबब हा हिशेब घरच्या घरीं कसा ठेवावा, तें येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम घर. घागर, हंडा व बादली यांत किती लिटर पाणी मावतें तें एकदां मोजून ठेवावें. पुढें सात दिवस पिणें, स्वयंपाक, स्नान, धुणें, भांडीं व जनावरें अशीं सदरें आंखून प्रत्येक खेपेस एक रेघ ओढावी. जनावरांचें पाणी निराळें ठेवून बाकीच्या बेरजेस माणसांच्या संख्येनें व सातानें भागावें. २०१९ सालीं सुरू झालेल्या जलजीवन मिशननें ग्रामीण भागासाठीं दर माणशीं रोज ५५ लिटर हें माप धरलें आहे. त्याप्रमाणें पांच माणसांच्या कुटुंबास रोज २७५ लिटर, म्हणजे वर्षास सुमारें १ लाख लिटर पाणी लागतें. हा आंकडा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा.

गळक्या तोटीखालीं लिटरचें माप ठेवून पाहावें. तें तासाभरांत भरलें, तर वर्षास ८,७६० लिटर, म्हणजे कुटुंबाचें महिन्याचें पाणी गेलें असें समजावें. तोटीचें वायसर बदलण्यास पाव तासही लागत नाहीं.

दुसरें, विहीर. गोल विहिरीच्या व्यासाचे फूट मोजून त्यांचा वर्ग करावा व त्यास ०.७८५ नें गुणावें. एक फूट खोलीच्या पाण्याचे घनफूट निघतात. एका घनफुटांत २८.३ लिटर पाणी असतें. २० फूट व्यासाच्या विहिरींत याप्रमाणें फुटास सुमारें ८,९०० लिटर पाणी होतें. दोरीस फुटाफुटावर गांठी मारून व टोंकास दगड बांधून, पंप बंद केल्यावर एकदां व पुन्हा सुरू करण्यापूर्वीं एकदां पातळी पाहावी. मध्यंतरीं जेवढें पाणी चढलें तें विहिरीचें उत्पन्न. उपसा त्याहून अधिक झाला, तर आपण मुदलांत हात घातला आहे हें ओळखावें.

तिसरें, पंप. २०० लिटरचें पिंप ४० सेकंदांत भरलें, तर पंप सेकंदास ५ लिटर, म्हणजे तासास १८ हजार लिटर पाणी देतो. एक एकर जमिनीवर एक इंच पाणी देण्यास १ लाख २ हजार ८०० लिटर, म्हणजे या पंपाचे सुमारें पावणेसहा तास लागतात. आतां घराचा आंकडा आठवावा. एका एकरास एक इंच पाणी गरजेहून अधिक दिलें, तर कुटुंबाचें वर्षाचें पाणी एका पाळींत खर्ची पडलें. रात्रीं वीज येतांच पंप आपोआप सुरू व्हावा म्हणून ऑटो लावून निजणाऱ्यांनीं हें गणित अवश्य मांडावें.

झिरपलेलें पाणी पुन्हा विहिरींतच येतें, असें कोणी म्हणेल. कांहीं अंशीं तें खरें आहे. परंतु तें सर्व परत येत नाहीं, आलेलें उपसण्यास वीज पुन्हा लागते, खत वाहून खालीं जातें, आणि निचरा नसलेली काळी जमीन खारवट होते तें निराळेंच.

सुरू उसास पाटानें सुमारें २५० सेंटीमीटर पाणी लागतें. म्हणजे एकरीं सुमारें १ कोटी लिटर, शंभर कुटुंबांचें वर्षाचें पाणी. पावसाचा थेंब न् थेंब मुरला तरी त्यांतून भागणारी गरज पांचव्या हिश्श्याहून थोडी अधिक. बाकीचें विहिरीनें वा कालव्यानें पुरवावयाचें. ऊस लावूंच नये असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु ठिबकानें तिसरा हिस्सा ते निम्में पाणी वांचतें, सरींत पाचट पसरल्यानें ओल टिकते, आणि लागणीचें क्षेत्र पाण्याच्या मोजमापानें ठरवितां येतें. रब्बी ज्वारीस तर बांधबंदिस्ती व कोळपणी हेंच पाणी होय. सोलापूर येथें १९३३ सालीं कोरडवाहू शेतीचें संशोधन सुरू झालें, तें पडलेली ओल जमिनींत कशी राखावी, याच प्रश्नासाठीं.

हाच विचार जिल्ह्यास लागू आहे. भीमेवरील उजनी धरण १९८० सालीं पुरें झालें. त्याचा एकूण सांठा सुमारें ११७ टीएमसी. पैकीं ६३ हून अधिक मृतसांठा. एक टीएमसी म्हणजे सुमारें २,८३१ कोटी लिटर. २०१२-१३ व २०१५-१६ च्या दुष्काळांत पाणी या मृतसांठ्यांत उतरलें. सोलापूर शहरासाठीं नदीच्या पात्रांतून पाणी सोडलें असतां शहराच्या गरजेच्या कितीतरी पट पाणी सोडावें लागलें, कारण वाटेंतील वाळू, ऊन व उपसा यांचा वांटा आधीं जातो.

आपल्या मातीच्या पाटांतही तेंच घडतें. शेताच्या तोंडाशीं काटकोनी खांच असलेला पत्रा आडवा बसवावा. किंचित् मागें, खांचेच्या टोंकापासून पाण्याची उंची १० सेंटीमीटर भरली, तर प्रवाह सेकंदास सुमारें ४.४ लिटर असतो. पंपापाशीं ५ व शेतांत ४.४, तर तासास २,१६० लिटर पाटानें गिळले. तेथें पाइप घालणें नवी विहीर खणण्याहून स्वस्त पडेल.

शेतकरी बंधूंनीं या मृगापासून पुढील मृगापर्यंत एक वही ठेवावी. मार्गशीर्षांत विहिरीचा सांठा व रोजची आवक मोजून, मृगापर्यंतचे दिवस धरून एकूण पाणी काढावें. उन्हाळ्यांत आवक घटते, म्हणून ती दर पंधरवड्यास पुन्हा मोजावी. एकुणांतून घर व जनावरें यांचें पाणी प्रथम वजा करावें. उभ्या पिकाचें दुसरें. आणि जें शिल्लक राहील तेवढ्यावरच उन्हाळी पिकाचे गुंठे ठरवावे. शिल्लक राहत नसेल, तर तें रान त्या वर्षीं पडीक ठेवावें. बियाणें, खत व मजुरी घालून पीक चैत्रांत वाळूं देण्यापेक्षां ही तूट पुष्कळ लहान आहे.