बिनतारी जोडणी कुठे तुटली?

समजा तुमचे घर श्रीवर्धनला आहे. जांभ्या चिऱ्यांच्या जाड भिंती, पुढे ओटी, मध्ये माजघर, मागे पडवी आणि तिच्यापलीकडे सुपारीची वाडी. वायफायचा राउटर ओटीवर आहे, तर तुमचा संगणक पडवीत. बाहेर पावसाची झड लागली आहे. प्रवेशअर्जाची मुदत आज रात्री संपणार आणि नेमके आत्ताच संगणकावर पान उघडत नाही. आता काय कराल?

पुष्कळ जण अशा वेळी राउटर बंद करून चालू करतात, तारा हलवतात, संकेतशब्दही बदलतात आणि हे सारे एकदम करतात. कधी कधी काम होतेही, पण दोष कशात होता ते कळत नाही. म्हणून आधी थोडा विचार करू. ही जोडणी म्हणजे एक साखळी आहे. संगणक, हवेतून जाणारे तरंग, राउटर आणि बाहेरून घरात येणारी तार या तिच्या कड्या. यांपैकी कोणती कडी तुटली तेवढे शोधायचे. नियम एकच : एका वेळी एकच बदल करा आणि काय झाले ते वहीत टिपा.

पहिली कसोटी. संगणकाशेजारी उभे राहून मोबाइल त्याच वायफायला जोडा. मोबाइलचा स्वतःचा डेटा मात्र आधी बंद करा, नाहीतर फसगत होईल! मोबाइलवर पान उघडले, तर दोष बहुधा संगणकात आहे. त्याचे वायफाय चालू आहे का, संकेतशब्द बरोबर आहे का, ते पाहा.

दुसरी कसोटी. मोबाइलवरही पान उघडले नाही, तर दोन्ही उपकरणे राउटरजवळ न्या. तेथे ती चालली, तर दोष वाटेत, म्हणजे हवेतील कडीत आहे.

असे का व्हावे? वायफायचे तरंग रेडिओतरंगच असतात. २.४ गिगाहर्ट्‌झ कंप्रतेच्या तरंगाची लांबी सुमारे १२.५ सेंटिमीटर, तर ५ गिगाहर्ट्‌झच्या तरंगाची सुमारे ६ सेंटिमीटर असते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले, की मिळणारी शक्ती चौथाई होते. धातूचे कपाट हे तरंग परतवते. पाणी ते शोषून घेते. मायक्रोवेव्ह भट्टीत अन्न तापते ते अशाच, पण कितीतरी प्रबळ तरंगांनी. जांभा सच्छिद्र असतो. पावसाळ्यात ओल धरलेली भिंत तरंगांना कोरड्या भिंतीहून अधिक अडवते. भिंतींतून सहसा २.४ गिगाहर्ट्‌झचे तरंग अधिक चांगले पार होतात. वेग मात्र ५ गिगाहर्ट्‌झवर जास्त मिळतो. तेव्हा राउटर कपाटामागून काढा, उंचावर आणि घराच्या मध्याकडे, म्हणजे माजघरात ठेवा.

तिसरी कसोटी. राउटरजवळही काही चालत नसेल, तर संगणक राउटरला तारेने जोडा. तारेने चालले, तर राउटरचा बिनतारी भाग तपासावा लागेल. तारेनेही नाही चालले, तर राउटरचे दिवे पाहून टिपून ठेवा आणि मगच तो अर्धा मिनिट बंद करून चालू करा. प्रकाशतंतूची तार असलेल्या बऱ्याच उपकरणांवर लाल दिवा लागला, की बाहेरून प्रकाश येत नाही असे समजावे. या तारेच्या उघड्या टोकात डोकावू नका, ती तीव्र कोनात वाकवूही नका. येथे घरातले उपाय संपतात. सेवा देणाऱ्यांना कळवा आणि वहीतील नोंदी वाचून दाखवा.

या शेवटच्या कडीचे महत्त्व श्रीवर्धनकरांना सांगायला नको. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. नारळी-पोफळी उन्मळून पडल्या, विजेचे खांब कोसळले, दूरध्वनी बंद पडले. त्या दिवशी घरातला राउटर कितीही उत्तम असता, तरी त्याचा काय उपयोग? बिनतारी जोडणी बिनतारी असते ती शेवटच्या काही मीटरांपुरतीच!

आणि तुमचा अर्ज? दोष बाहेर आहे हे दहा मिनिटांत कळले, तर मोबाइलच्या डेटावर किंवा शेजाऱ्यांकडे जाऊन तो वेळेत भरता येईल. दोष कुठे नाही हे कळणे, हेही ज्ञानच आहे.

करून पाहा : मोबाइल घेऊन ओटीपासून पडवीपर्यंत चाला. प्रत्येक खोलीत वायफायच्या किती रेषा दिसतात ते लिहा. हाच प्रयोग पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात करा. राउटर मात्र दोन्ही वेळी एकाच जागी हवा. का बरे?