फिरत्या इंजिनाची नाडीपरीक्षा

आपल्या परिचयाच्या बहुतेक मोटारींत दट्ट्या खाली-वर होतो. जर्मन संशोधक फेलिक्स वांकेल यांच्या इंजिनात मात्र त्रिकोणी चक्र फिरते, आणि त्याच्या तीन टोकांवरील बारीक पट्ट्या आतला दाब कोंडून ठेवतात. अशी दोन चक्रे असलेल्या माझदा आरएक्स-८ या गाडीचे उत्पादन २०१२ साली थांबले. तेव्हा आज दिसणारी ही गाडी बहुधा पुष्कळ धावलेलीच असणार. ती सुरू होईना अथवा वाटेत बंद पडू लागली, तर दोष कोठे शोधावा?

प्रथम आपण विचारू : गाडी थंड असता अडते, की तापल्यावर? थंड इंजिन क्षणभर चालवून बंद केले, तर साचलेले पेट्रोल प्लग भिजवते व पट्ट्यांवरील तेल धुऊन टाकते; मग दाब टिकत नाही. अशा वेळी प्लग काढून वाळवावेत. बॅटरीही पाहावी, स्टार्टर मंद फिरला, तर चांगले इंजिनही अडते. उभी गाडी थरथरून बंद पडत असेल, तर ठिणगी पुरविणाऱ्या चारही कॉइल तपासाव्यात.

हे सारे ठीक असून तापलेली गाडीच अडत असेल, तर पट्ट्या झिजल्याचा संशय घ्यावा; कारण तापून पातळ झालेले तेल फटी बुजवू शकत नाही. मग प्रत्येक चक्राच्या तिन्ही बाजूंचा दाब मोजावा. तो कमी अथवा विषम निघाला, तरच इंजिन उघडावे.

एका भिजलेल्या प्लगपायी धडधाकट इंजिन खोलणारा कारागीर मालकाचा पैसा आणि स्वतःची पत, दोन्ही घालवितो. अचूक निदान ही निम्मी चिकित्साच होय, हे आपण ध्यानी ठेवू.