घर दोघांचं, तयारी एकट्याची

नोकरीची वर्षं मुंबई-ठाण्यात काढून निवृत्तीनंतर कोकणात घर करणारी जोडपी आता गावोगाव दिसतात. गाठीला आयुष्यभराची पुंजी असते, मनात हौस असते आणि पहिला खर्च बहुधा दिसणाऱ्या गोष्टींवर होतो. रत्नागिरी तालुक्यात चिऱ्याचं जुनं घर विकत घेतलेली मावशी आणि घरबांधणीच्या व्यवसायातली तिची भाची यांचं हे बोलणं कुठला खर्च आधी करावा, याबद्दल आहे.

मावशी: बरं झालं आलीस. शिमगा झाला, गवंडीही मिळतोय. काकांचा बेत असा, की सगळ्या भिंतींना सिमेंटचा गिलावा करून वर ऑइलपेंट मारायचा, ओटीवर गुळगुळीत लाद्या घालायच्या आणि स्वयंपाकघर नवं करायचं. तू अंदाजपत्रक काढून दे.

भाची: देते, पण आधी एक विचारते. पुढे कधी तुम्हा दोघांपैकी एकच जण इथे असेल, तेव्हा त्या एकट्या माणसाला हे घर चालवता येईल का?

मावशी: अगं, आत्ता कुठे आम्ही इथे बस्तान मांडतोय. शुभ बोल की!

भाची: शुभच बोलतेय. घर दोघांनी मिळून घेतलेलं असतं, पण शेवटचा काही काळ बहुतेकदा एकालाच काढावा लागतो. हा प्रश्न समोर ठेवला की कुठलं काम आधी आणि कुठलं मागाहून, ते आपोआप ठरतं. गिलावा कशासाठी हवाय?

मावशी: पश्चिमेच्या भिंतीला ओल येते. घर विकणाऱ्यांनीच सांगितलं.

भाची: मग सिमेंट आणि ऑइलपेंट हा त्यावरचा इलाज नाही. तुमचा चिरा जांभ्याचा, आणि जांभा सच्छिद्र दगड आहे. तो पाणी पितो आणि ऊन पडलं की सोडतो. त्याच्यावर हवाबंद थर चढवला की आत शिरलेलं पाणी बाहेर पडू शकत नाही आणि दोन पावसाळ्यांत रंगाचे पोपडे निघतात. या पट्ट्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि वारा समुद्राकडून असल्यामुळे झड पश्चिमेच्या भिंतीवर बसते. पाणी भिंतीपर्यंत पोचूच नये, हा खरा उपाय. त्या बाजूचं छप्पर पुढे वाढव. पागोळ्यांचं पाणी जोत्यापासून लांब नेणारं उताराचं गटार कर. चिऱ्यांच्या सांध्यांत चुन्याचा माल भरून घे. गिलावा हवाच असेल, तर तोही चुन्याचा.

मावशी: आणि रंग?

भाची: रंगाचं दिवाळीला बघू. एक पावसाळा या घरात राहा. जिथे ओल दिसेल तिथे खडूनं खूण करून तारीख लिही. घर कुठे गळतं हे आषाढातला पाऊस जितकं नेमकं दाखवतो, तितकं चैत्रात कुणालाच सांगता येत नाही.

मावशी: कौलं तरी आत्ताच बघावी लागतील ना?

भाची: ती मात्र आत्ताच. मे महिन्याच्या मध्यापर्यंत शाकारणी उरकून घे. तुमची कौलं मंगळुरी आहेत, खाचेत खाच बसणारी. प्रत्येक कारखान्याच्या कौलाची खाच थोडी वेगळी असते, म्हणून फुटक्या कौलाच्या जागी दुसऱ्या छापाचं घातलं तर फट राहते. त्याच छापाची शंभरेक जुनी कौलं मिळवून मांगरात ठेव. वासे आणि रिपा तपासून घे. लाकडाला किंवा भिंतीला मातीच्या बारीक नळ्या चिकटलेल्या दिसल्या, तर ती वाळवी. आणि काकांना छपरावर चढू देऊ नकोस.

मावशी: ते ऐकतील तर! बरं, विहिरीचं काय? मे महिन्यात तळाला जाते म्हणतात.

भाची: हिशोब करून बघ. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. तुमचं छप्पर शंभर चौरस मीटर धरलं, तर एका पावसाळ्यात तीन लाख लिटर पाणी अंगणातून वाहून जातं. पन्हळी लावून ते पाणी वाळू-खडीच्या गाळणीतून विहिरीजवळच्या शोषखड्ड्यात सोडलं, तर जमिनीत थोडं तरी मुरेल. मात्र जांभ्यात मुरलेलं पाणी लवकर निसटून उताराला लागतं. त्यामुळे विहीर मेमध्ये भरलेलीच राहील असं मी म्हणणार नाही. त्या महिन्यासाठी साठवणीची टाकी वेगळी हवी.

मावशी: संडासाची टाकी विहिरीपासून फार लांब नाही, ते चालेल?

भाची: नाही चालणार. मैल्याचा शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून निदान 18 मीटर, म्हणजे साठ फूट लांब हवा, तोही उताराच्या खालच्या अंगाला. जांभ्यातून पाणी झटकन झिरपतं, म्हणून इथे जास्त जपायला हवं. स्वयंपाकघराच्या आधी हे काम कर, आणि विहिरीचं पाणी तपासून घे.

मावशी: विजेचं काम आधीच्या मालकांनी केलेलं आहे. खटके तर सगळे चालतात.

भाची: खटका चालतो म्हणजे काम सुरक्षित आहे असं नाही. खाऱ्या हवेत जोड गंजतात. अर्थिंग तपासून घे आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घे. एमसीबी जास्तीच्या भारापासून आणि शॉर्टसर्किटपासून तारा वाचवतो, माणसाला वाचवतो तो आरसीसीबी. ओल्या हातानं पंप लावताना गळती झाली, तर तो क्षणात प्रवाह तोडतो. पंपाचा खटकाही विहिरीवरून काढून पडवीत आण. भर पावसात काकांनी तिकडे जायचं आणि काका गावाला गेले की तू पाण्यावाचून बसायचं, असं नको.

मावशी: हे खरं. मला तो पंप अजून लावतासुद्धा येत नाही. आणि छपरावर सौरऊर्जा? सरकारी अनुदान आहे म्हणे.

भाची: आहे. 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटच्या संचाला 78 हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. पण ते दुसऱ्या वर्षी. आधी घरातले वासे तो भार पेलतील का ते कळू दे, आणि वर्षभराचं तुमचं वीजबिल हातात येऊ दे.

मावशी: मग पहिल्या वर्षीचे पैसे घालायचे कुठे?

भाची: न्हाणीघरात. म्हातारपणी घरातल्या घरात पडणं ही सगळ्यात मोठी भीती, आणि एका मोडलेल्या खुब्यानं माणूस कायमचा परस्वाधीन होऊ शकतो. उंबरा काढून टाक. लाद्या खरबरीत घे, ओल्या पायांना धरून ठेवणाऱ्या. ओटीवरसुद्धा गुळगुळीत लादी नको, पावसात तिथे पाणी येणारच. कमोडची बैठक दीड फूट उंच हवी. त्याच्या बाजूला आणि नळाजवळ पकडायला दांडी हवी.

मावशी: दांडी काय, सुतार येऊन बसवून जाईल.

भाची: नको. चिरा मऊ असतो. साध्या प्लगवर बसवलेली दांडी वजन पडलं की उपटून येते, आणि तिच्या भरवशावर उठणारा माणूस आपटतो. भिंतीतून आरपार बोल्ट घालून मागच्या बाजूला लोखंडी पट्टी लावायची, नाहीतर रासायनिक अँकर वापरायचा. बसवल्यावर काकांना पूर्ण भार टाकून बघायला सांग. दार बाहेर उघडणारं कर. आत पडलेल्या माणसाचं अंग दाराला अडलं तर आत उघडणारं दार ढकलता येत नाही. पलंगापासून न्हाणीपर्यंत पायाशी मंद दिवे लाव.

मावशी: जोत्याच्या पायऱ्या उंच आहेत. तिथे उतार करायचा का?

भाची: चाकाच्या खुर्चीचा उतार बाराला एक या प्रमाणात लागतो. तुमचं जोतं दीड फुटाचं, म्हणजे अठरा फूट लांब उतार हवा. आज बांधू नकोस, पण खळ्याच्या कडेला तेवढी जागा मोकळी ठेव, तिथे तुळशीवृंदावन किंवा झाड नको. पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी कठडा मात्र आत्ताच घाल. आणि गडग्याशी उरलेल्या चिऱ्यांचा ढीग दिसतोय, तो घरापासून लांब हलव. आपल्या सड्यांवर फुरसं पुष्कळ, त्याला असल्या फटी आवडतात. साप चावला तर 108 ला फोन करून थेट रुग्णालय गाठायचं, मांत्रिकाकडे वेळ घालवायचा नाही. विंचू-सापाच्या विषावरचं प्रतिविष जवळ कुठे मिळतं, हे पावसाआधी विचारून ठेव.

मावशी: एवढं सगळं केलं म्हणजे झालं?

भाची: एक राहिलं, ते गवंड्याचं काम नाही. घर कोणाच्या नावावर आहे?

मावशी: खरेदीखत यांच्या एकट्याच्या नावावर. पण ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या उताऱ्यावर माझंही नाव चढवलंय.

भाची: तो उतारा कर भरण्यासाठी असतो. त्यानं मालकी सिद्ध होत नाही. मृत्युपत्र न करता काका गेले, तर हिंदू वारसा कायद्यानं तू आणि तुझी दोन्ही मुलं समान वाटेकरी. म्हणजे तू राहशील त्या घरात तुझा तिसरा हिस्सा. दोघांनीही मृत्युपत्र करा. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. काकांना हयातीतच तुझ्या नावावर करायचं असेल, तर राहत्या घराच्या अशा बक्षीसपत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे, बाकी नोंदणीचा वगैरे खर्च वेगळा. वकिलाला विचारून ठरवा.

मावशी: थोरला म्हणतो, आत्ताच आमच्या नावावर करा, पुढची कटकट वाचेल.

भाची: त्याचा हेतू चांगलाच असेल. पण राहतं घर हातचं सोडू नका. द्यायचंच झालं, तर सांभाळ करण्याची अट दस्तात लिहून घ्या. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्याचं 23 वं कलम त्या अटीच्या आधारावर उभं आहे. अट मोडली तर हस्तांतर रद्द करून मागता येतं.

मावशी: म्हणजे आधी पाणी, मग वीज, मग न्हाणी, बरोबरीनं कागद. आणि स्वयंपाकघर?

भाची: पुढच्या वर्षी हौसेनं कर. तोवर कुठला डबा कुठे लागतो, ऊन कुठून येतं, हे तुला कळलेलं असेल. आता मात्र रोजच्या कामांची अदलाबदल करा. तू पंप लावायला, मेन स्विच बंद करायला, वीजबिल आणि घरपट्टी भरायला शीक. काकांनी कुकर लावायला आणि तुमची औषधं कुठे असतात ते लक्षात ठेवायला शिकावं. याला एक पैसा लागत नाही.

निवृत्तीनंतर नव्या घरात जाणाऱ्या प्रत्येक जोडप्याला हीच विनंती आहे. रंगाचा नमुना निवडण्याआधी एक दिवस दोघांपैकी एकानं बाहेरगावी जावं आणि दुसऱ्यानं त्या घरात सकाळ ते रात्र एकट्यानं काढावी. जिथे जिथे अडेल त्याची यादी करावी आणि घराचा पहिला खर्च त्या यादीवर करावा.