वेशीत बसलेला बाप

शास्त्रपाठ : २ शमुवेल १८:१९-३३, फिलिप्पै. २:२५-२८
पाठ करण्याचे वचन : नीतिसूत्रे २५:२५



शुक्रवार, ११ मार्च २०११. जपानमध्ये दुपारचे २ वाजून ४६ मिनिटे, म्हणजे आपल्याकडे सकाळचे ११ वाजून १६ मिनिटे झाली असता समुद्रतळाशी ९.० तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्सुनामीच्या लाटा ईशान्य किनाऱ्यावर चढल्या. आमच्या इंदूरच्या मंडळीतील एका कुटुंबाचा मुलगा तेव्हा सेन्दाई शहरी शिकत होता. तेथील विमानतळ पाण्याखाली जाताना आईबापांनी टेलिव्हिजनवर पाहिला. फोन लागेना. मी नुकताच उपदेश करू लागलो होतो. संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन म्हणालो, "काकू, काळजी करू नका. प्रभूने त्याला राखले आहे." काकूंनी मान वर करून विचारले, "तुला कोणी कळवलं रे?"

मला उत्तर देता आले नाही. आजच्या पाठात ते शोधू या.

१. वाट पाहणारे मन

दावीद राजा महनाईम येथे दोन वेशींच्या मध्ये बसला आहे. अबशालोमाने बंड केले खरे, तरी तो पोटचा पुत्र. पहारेकरी सांगतो की, एक मनुष्य एकटाच धावत येत आहे. राजा म्हणतो, एकटा आहे, तर वार्ता घेऊन येत असेल. तो अहीमास आहे असे कळताच राजा म्हणतो, मनुष्य भला आहे, तेव्हा वार्ताही भलीच असेल. आपणही असेच करतो. फोनची घंटा नुसती वाजली तरी जीव भांड्यात पडतो, न वाजली तर काळजात धस्स होते. हा अविश्वास नव्हे, ही माया आहे. शास्त्र यासाठी दाविदाला दोष देत नाही.

२. अहीमासाचा मोह

अबशालोम मेला हे यवाबाने अहीमासाला सांगितले होते. तरी राजाने मुलाविषयी विचारताच, गडबड दिसली पण काय होते ते समजले नाही, असे तो बोलून गेला. तो दुष्ट नव्हता. बापाचे दुःख त्याच्याने पाहवेना. त्याने ठाऊक असलेले लपवले, आणि मी ठाऊक नसलेले सांगितले. शिवाय ते देवाच्या नावाने सांगितले. वार्ता उलट आली असती तर त्या माउलीने मला नव्हे, देवाला खोटे मानले असते. "मला ठाऊक नाही, पण मी येथे तुमच्याजवळ बसतो," एवढेच म्हणण्याचे धैर्य मला हवे होते.

३. मंडळीचे काम

एपफ्रदीत दूरदेशी पौलाजवळ असता मरणाच्या दारापर्यंत गेला. त्याच्या आजाराची बातमी फिलिप्पैच्या मंडळीस कळली, आणि त्यांना ती कळली म्हणून तोही कष्टी झाला. पौलाने काय केले? त्याने त्याला लवकरात लवकर घरी पाठवून दिले. खरी वार्ता पोहोचवणे हीदेखील सेवा आहे.

म्हणून अशा वेळी संपर्काचे काम घरातील एकाच माणसाकडे द्यावे. सर्वांनी सारखे फोन केल्याने मार्ग तुंबतात. लहानसा लेखी निरोप पुष्कळदा लवकर जातो. त्या देशातील भारतीय वकिलातीस नाव व पत्ता कळवावा. ताटातूट झालेल्या आप्तांचा शोध घेण्याचे काम रेडक्रॉसही करते. ऐकीव बातमी खात्रीवाचून पुढे सांगू नये. आणि त्या घरची चूल थंड असेल तर भाकरी घेऊन जावे, रात्री सोबतीला राहावे.

रविवारी संध्याकाळी दोन ओळींचा निरोप आला. मुलगा एका शाळेतील आश्रयस्थानी सुखरूप होता. पुढच्या रविवारी उपकारस्तुतीसाठी काका उभे राहिले. म्हणाले, "देवाचे आभार मानतो. पण तिथल्या बापांनीही वाट पाहिली असेल. आधी त्यांच्यासाठी प्रार्थना करा." त्या आपत्तीत सुमारे १५,९०० मृतांची नोंद झाली, आणि सुमारे २,५०० जणांचा पत्ता अद्याप लागलेला नाही. तितक्या घरांतून कोणी ना कोणी अजून वेशीत बसलेले आहे.

पुत्राऐवजी आपण मेलो असतो तर बरे, असा आक्रोश दाविदाने केला. ते त्याला शक्य नव्हते. ख्रिस्ताने मात्र आपल्या ऐवजी मरण सोसले. पुत्राच्या मरणाचे दुःख ज्या पित्याला परके नाही, तो वार्ता येण्यापूर्वीही आपल्याजवळ असतो, आणि कोणतीही वार्ता आली तरी उठून जात नाही. एवढे मात्र आपण खात्रीने सांगू शकतो.

चर्चेसाठी प्रश्न

१. देवाने न सांगितलेले आश्वासन आपण कधी त्याच्या नावाने दिले आहे काय?
२. आपल्या मंडळीतील कोणाची मुले परदेशी आहेत? त्यांचे पत्ते मंडळीजवळ आहेत काय?

प्रार्थना : हे पित्या, वाट पाहणाऱ्यांजवळ बसण्यास आम्हांला शिकव, आणि आमच्या जिभेला सत्य व प्रीती यांत राख. येशूच्या नावाने. आमेन.