ओलसर रुमाल

चौपन्नाव्या वर्षी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि चार महिन्यांनी एका लहानशा खासगी कलासंग्रहालयात कंत्राटावर रुजू झाले. पगार बँकेच्या मानाने चौथा हिस्सा. या वाटेने येऊ पाहणाऱ्या मैत्रिणी सगळ्यात आधी तेच विचारतात, म्हणून सांगून टाकते. पेन्शन किंवा दुसरा काही आधार नसेल, तर कंत्राटाच्या भरवशावर चालू नोकरी सोडू नका.

तिसऱ्याच आठवड्यात माझ्या हातून नुकसान झालं. भांडारातून सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांचा, म्हणजे हाताने रंगवलेल्या खेळायच्या पत्त्यांचा, जुना संच नोंदीसाठी माझ्याकडे आला. दहा अवतार, प्रत्येकाची बारा, अशी 120 गोल पानं. मत्स्यावताराच्या राजावर धुळीचा काळपट थर होता. देव्हाऱ्यातली तसबीर पुसावी तसा मी रुमाल जरासा ओला करून अलगद फिरवला. रुमाल लाल झाला. पानाच्या कडेला नखाएवढी जागा फिकी पडली, ती आजही तशीच आहे. जुन्या चित्रांतले रंग बहुधा डिंकात कालवलेले असतात आणि डिंक पाण्याने सुटतो. वरचा लाखेचा थर तिथे झिजलेला होता, तेही मला ओळखता आलं नाही. शेजारच्याच टेबलावर संवर्धनाचं शिक्षण घेतलेली मुलगी बसली होती, माझ्या लेकीहून लहान. पण अठ्ठावीस वर्षं लोक मला विचारत आले होते. माझी विचारायची सवयच मोडली होती.

ती चिडली नाही. "काकू, आधी लिहून ठेवू या," एवढंच म्हणाली. पानाच्या नोंदीत काय झालं, कशाने झालं, ते मी पेन्सिलीने तारखेसह लिहिलं. भांडारात पेन आणायचं नसतं.

म्हणून सांगते, आधी वर्षभर स्वयंसेवक म्हणून एखाद्या संग्रहालयात जा, दालनं दाखवा, नोंदी करू लागा. दिवसाचे पाच-सहा तास उभं राहणं गुडघ्यांना झेपतं का, ते तेव्हाच कळेल. कागदावरच्या चित्रांवर साधारण 50 लक्सच उजेड ठेवतात, कारण उजेडाने उडालेला रंग परत येत नाही. त्या मंद उजेडात वाचता येईल असा चष्मा आधी करून घ्या. रीतसर शिकायचं असेल तर बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात संग्रहालयशास्त्राचा जुना विभाग आहे. प्रवेशाला वयाची अट आहे का, ते मात्र आधी विचारा.

आणि बँकेतली वर्षं वाया जात नाहीत. संग्रहालयात प्रत्येक वस्तूला ॲक्सेशन नंबर असतो, खात्याच्या नंबरासारखा. वस्तू एका कपाटातून दुसऱ्यात गेली तरी नोंद हवी. एकच पितळी दिवा दोन नंबरांनी नोंदलेला मला सापडला, तेव्हा तिथे आल्यापासून पहिल्यांदाच उपयोगी पडल्यासारखं वाटलं.

पुढच्या दिवाळीत सावंतवाडीला गेले. राजवाड्यात अजून गंजिफा रंगवतात. चिंचोक्याची खळ, खडूची पूड, घोटून गुळगुळीत केलेलं पान, त्यावर रंग आणि मग लाख. रंगवणाऱ्या बाईंशेजारी बसले आणि दुपारभर नुसती विचारत राहिले.