मोटारीच्या चाकाचा कुलपी नट व त्याची किल्ली

बैलगाडीचें चाक आंसावरून निसटूं नये म्हणून आंसाच्या टोकाशीं खीळ असते, हें शेतकरी बंधूंस सांगावयास नको. मोटारीच्या चाकास तेंच काम चार-पांच नट करितात. परंतु साधे नट कोणाच्याही पान्यानें सुटतात. म्हणून किमती रिमांच्या कित्येक गाड्यांत प्रत्येक चाकाचा एक नट निराळ्या घडणीचा बसवितात. गॅरेजांत त्यास लॉकचा नट म्हणतात. आम्ही येथें कुलपी नट म्हणूं. त्याच्या माथ्यावर आडव्यातिडव्या खांचा असतात. त्यांत नेमका बसणारा लहानसा लोखंडी तुकडा हीच त्याची किल्ली. ती नटावर बसवून तिच्यावर पाना चढविला म्हणजे नट फिरतो; एरवीं नाहीं.

बिलोली तालुका मांजरेच्या कांठीं, तेलंगणाच्या सीमेवर आहे. येथील गाडी आज धर्माबादेच्या बाजारीं, तर उद्यां बोधन-निजामाबादेकडे जाते. अडलेल्या बाळंतिणीस रात्रीं नांदेडास न्यावयाचें असतां वाटेंत चाक बसलें, तर आधार स्टेपनीचा. वेल्समधील लानेली गांवीं १९०४ सालीं अशा जादा चाकाची युक्ति निघाली व तेथील स्टेपनी रस्त्यावरून तिला हें नांव पडलें. परंतु किल्ली नसेल तर पंक्चर झालेलें चाक निघत नाहीं, व स्टेपनी गाडींत असून नसल्यासारखी होते. कुलूप चोरासाठीं लावावें आणि अडावें मात्र धन्यानें, असा हा प्रकार होतो.

जुनी गाडी घेतांना या गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावें. कागदपत्रें व इंजिन पाहून व्यवहार पुरा करूं नये. चारही चाकांचे नट न्याहाळावे. एखादा निराळा दिसल्यास किल्ली मागावी, आणि आपल्यासमक्ष प्रत्येक कुलपी नट एकदां सैल करून पुन्हां आंवळवून घ्यावा. किल्ली घरीं राहिली आहे, मागाहून पाठवितों, या बोलीवर पैसे मोजूं नयेत.

किल्ली ठेवण्याची जागा एकच असावी. जॅक व पाना जेथें असतात तेथेंच ती जाड कापडाच्या पिशवींत बांधून ठेवावी. किल्लीवर किंवा सोबतच्या कार्डावर बहुधा एक क्रमांक असतो. तो घरच्या वहींत उतरून घ्यावा आणि कार्ड गाडींत न ठेवतां घरच्या कागदपत्रांत ठेवावें. पंक्चर काढणाऱ्याकडे किंवा गॅरेजांत किल्ली दिली, तर गाडी हलविण्यापूर्वीं ती परत घेऊन जागेवर ठेवावी. किल्ल्या हरवतात त्या बहुधा याच वेळीं. गाडी चालविणारे घरांत दोघे-तिघे असतील, तर ती जागा सर्वांस ठाऊक असावी.

आपल्याकडील काळ्या मातीचा चिखल नटाच्या खांचांत भरून वाळतो. तो ताठ ब्रशानें काढल्यावांचून किल्ली पुरती बसत नाहीं, आणि अर्धवट बसलेल्या किल्लीस जोर लावल्यास तिचे दाते मोडतात. पावसाळ्यांत जॅक मातींत रुततो, यास्तव त्याखालीं रुंद फळी घालावी. चाक उचलण्यापूर्वीं सर्व नट थोडे सैल करावे. त्यांत कुलपी नट प्रथम सोडावा. चाक बसवितांना साधे नट समोरासमोरच्या क्रमानें आंवळून कुलपी नट शेवटीं आंवळावा. त्यास हवेची गन कदापि लावूं देऊं नये.

आंवळण्यासही माप आहे. पुष्कळ लहान मोटारींस सुमारें १०० ते १२० न्यूटन-मीटर जोर लागतो. नेमका आंकडा गाडीच्या पुस्तकांत पाहावा. अर्धा मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकावर २० किलो भार दिल्यास सुमारें १०० न्यूटन-मीटर होतात. त्याच दांड्याच्या टोकावर ६० किलोचा मनुष्य उभा राहिला, तर तिप्पट जोर पडून आंटे बिघडण्याचें भय असतें. चाक बदलल्यावर ५० ते १०० किलोमीटर चालून नट पुन्हां तपासावे.

किल्ली हरवलीच, तर क्रमांकावरून गाडीच्या कंपनीच्या विक्रेत्याकडे दुसरी मागवितां येते. क्रमांकही नसेल, तर जाणत्या कारागिराकडून नट काढवावा. तो नटावर विशेष सॉकेट ठोकून काढतो. त्यांत नट वायां जातो व रिमेस ओरखडे पडण्याचा संभव असतो. नवा नट घेतांना व्यास, आंटे व बैठक तिन्ही जुळवावीं. १२ मिलिमीटर व्यासाच्या नटांतही कांहींचे आंटे सव्वा मिलिमीटर अंतराचे, तर कांहींचे दीड मिलिमीटरचे असतात. न जुळणारा नट आरंभीं फिरल्यासारखा वाटला तरी पुढें आंटे खातो.

कुलपी नट मुळींच ठेवावा कीं काय, असें कोणी विचारील. नट काढणारीं तीं सॉकेटें बाजारांत मिळतात. तेव्हां हा नट घाईच्या चोरास अडवितो, तयारीच्या चोरास नाहीं. ज्याच्या गाडीस किमती रिमा आहेत व जी शहरांत उघड्यावर राहते, त्यानें तो अवश्य ठेवावा. ज्याची गाडी साध्या लोखंडी रिमांची असून रात्रीं वाड्यांत उभी असते, त्यानें साधे नट बसविल्यास आमच्या मतें फारसें बिघडत नाहीं. ठेवावयाचा असेल, तर मृगापूर्वीं तिफणीची डागडुजी करितों तेव्हांच चारही कुलपी नट एकदां उघडून पाहावे. त्यास अर्धा तास पुरतो.