थंडींत अडखळणारें इंजिन

निफाडची थंडी वाचकांस ठाऊक आहेच. तेथें कित्येक हिवाळ्यांत पारा ५ अंशांच्याही खालीं उतरतो. द्राक्षबागाईतदार रात्र जागून शेकोट्या करतात, आणि ज्यांच्या दारीं जुना ट्रक आहे त्यांची पहांट निराळ्याच काळजींत उजाडते. आमच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांचा, कांदा वाहून नेणारा सहा सिलिंडरांचा डिझेल ट्रक असाच काळजीचा विषय झाला होता. पहांटे सेल्फ मारला कीं इंजिन सुरू होई, परंतु तें अडखळे, सारी केबिन थरथरे, आणि सायलेन्सरमधून डोळ्यांस झोंबणारा पांढरा धूर निघे. दहा मिनिटांनीं मात्र, कांहीं घडलेंच नाहीं अशा थाटांत, तें सुरळीत चाले. एका गॅरेजांत त्यांस सांगण्यांत आलें कीं, इंजिन पुरतें बांधून काढावें लागेल. त्या खर्चापायीं घरांतील दागिने गहाण ठेवण्याचें बोलणें चालू होतें. तेव्हां आमच्या परिचयाच्या एका वृद्ध मिस्त्रींस घेऊन आम्ही तो ट्रक पाहावयास गेलों.

डिझेल इंजिनांत ठिणगी नसते. रुडॉल्फ डीझेल या अभियंत्याचें पहिलें यशस्वी इंजिन १८९७ सालीं जर्मनींत औग्सबुर्ग येथें चाललें. तत्त्व अद्यापि तेंच आहे. हवा मूळ आकारमानाच्या सुमारें सतराव्या हिश्श्यांत दाबली असतां ती ५०० अंशांहून अधिक तापते, व तींत नोझलमधून उडालेला तेलाचा बारीक फवारा आपोआप पेटतो. थंड लोखंड या उष्णतेंतील मोठा वाटा खाऊन टाकतें. म्हणून हवा पुरती दाबली न गेल्यास, अथवा फवाऱ्याऐवजीं जाड थेंब पडल्यास, एरवीं निभावून जाणारा दोष थंडींत उघडा पडतो. पांढरा धूर ही न जळलेल्या तेलाची वाफ होय. (काळा धूर तेल फार व हवा थोडी असल्याचें, आणि निळा धूर वंगण जळत असल्याचें सांगतो.)

पहिला दिवस फुकट गेला. पाहुण्यांस थंडींत तिष्ठत ठेवूं नये म्हणून मालकांनीं ट्रक आधींच तापवून ठेवला होता! दुसऱ्या पहांटे मिस्त्रींनीं प्रथम तेलाच्या नळींत हवा शिरते काय तें पाहिलें. हातपंप दाबून स्क्रू सैल केला, पण एकही बुडबुडा आला नाहीं. मग इंजिन मंद गतीनें चालू ठेवून त्यांनीं एकेका नोझलच्या पाइपाचा नट क्षणभर सैल केला. जो सिलिंडर काम करीत असेल त्याचें तेल तोडतांच इंजिनाचा सूर पडला पाहिजे. पहिला, दुसरा, तिसरा. तिन्ही वेळां सूर पडला. चौथ्याला कांहींच फरक पडला नाहीं. पांचवा व सहावा ठीक होते. मुलांनीं हा प्रयोग घरीं मुळींच करूं नये. त्या पाइपांतील दाब २०० वातावरणांच्या घरांत असतो. बारीक धार कातडी भेदून आंत जाते, आणि जखम दिसते त्याहून फार भयंकर असते.

“म्हणजे चौथें नोझलच बिघडलें!” आमचा विद्यार्थी म्हणाला.

“अरे, एवढी घाई नको,” मिस्त्री म्हणाले. “कदाचित् त्या सिलिंडरांत दाबच राहत नसेल. मग गॅरेजवाल्यांचें म्हणणें खरें ठरेल.”

त्यांनीं चौथें नोझल दुसऱ्या सिलिंडरांत व दुसरें चौथ्यांत बसविलें, तांब्याचे वायसर नवे घातले, आणि दुसऱ्या कशासही हात लावला नाहीं. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कोणामुळें आला तें कळत नाहीं, हें त्यांचें म्हणणें आम्हांस आमच्या प्रयोगशाळेंतील कित्येक तासांपेक्षां मोलाचें वाटलें. तापलेलें इंजिन दोष झांकून टाकी, म्हणून पुन्हां एक रात्र थांबावें लागलें. त्या घरीं ती रात्र कशी गेली असेल याची कल्पना वाचकांनींच करावी.

तिसऱ्या पहांटे चौथ्याचा नट सैल करतांच सूर पडला. दुसऱ्याचा सैल केला, तों कांहींच नाहीं. दोष नोझलबरोबर सरकला होता! नाशिकास चाचणीच्या पंपावर तें नोझल लावून पाहिलें, तेव्हां त्याच्या टोकाशीं फवारा न उडतां थेंब लोंबत होते. नवें नोझल एका खेपेच्या भाड्यांत आलें. पहांटे मिनिटभर पांढरा धूर अजून निघतो, कारण इंजिन जुनें आहे व त्याच्या रिंगाही झिजल्या आहेत; परंतु केबिन थरथरत नाहीं, आणि दागिने घरींच आहेत.